लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर

बेसा रोडच्या साइटवर मी रजिस्टरं लिहायचे.
सिमेंट किती आलं, गिट्टी किती, सळाख किती टन,
आणि लाल पुठ्ठ्याचं एक वेगळं :
सुरक्षा प्रशिक्षण, दर सोमवारी, सकाळी सात.
सोमवारी सातला मी घरी डबा भरत असायचे.
साइटवर तेव्हा मिक्सर फिरत असायचं.

महिनाअखेरीला ठवकर साहेब म्हणायचे,
"चार सोमवार भरून टाक, शनिवारी ऑडिटवाले येतील."
भरायचे.
विषय : उंचीवर काम करताना घ्यायची काळजी.
विषय : पट्टा कुठे अडकवावा.
विषय : उघडी वायर.
अक्षर माझं चांगलं, शाळेत बक्षीस होतं.
सह्यांसाठी तीन पेनं, निळं, काळं, एक गळकं,
आणि जे अंगठेबहाद्दर, त्यांच्यासाठी
माझी बोटं. दहा असतात माणसाला.
करंगळी बारीक उमटते, ती बायांच्या नावापुढे.

पट्टे होते. खोटं कशाला बोलू.
अकरा पट्टे, पिवळे, कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये,
स्टोअरच्या कपाटात. चावी माझ्या पर्सला.
"मळले तर फोटोत बरे दिसत नाहीत,"
म्हणून शनिवारी बाहेर, संध्याकाळी आत.
मी मोजून घ्यायचे.
एक जरी हरवला तर पगारातून कापणार होते.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
या वेळी नागपुरातलं कुत्रंही नालीत जाऊन बसतं
आणि इंदल मरसकोल्हे सहाव्या माळ्यावर,
बाहेरच्या अंगानं, परांचीचे पाइप आवळत होता.
लोखंड भाजतं म्हणून हाताला गोणपाट गुंडाळलेलं.
सालेकसाहून आलेला. पहिला आठवडा विटा वाहिल्या.
दुसऱ्या आठवड्यात मुकादम म्हणाला,
"चढ बे, सोपं आहे."
एवढंच त्याचं प्रशिक्षण. चार शब्द.

आवाज फार मोठा नाही आला.
मला वाटलं, पोतं पडलं सिमेंटचं,
आणि मी रजिस्टरात एक पोतं वजा करायला पेन उचललं.

चौकशीला अधिकारी आले.
साहेबांनी लाल पुठ्ठा पुढे सरकवला.
"बघा ना, चारही सोमवार हजर. सगळं शिकवलं होतं.
आता माणूसच ऐकत नसेल तर मालकानं काय करावं?"
त्यांचं बोट इंदलच्या नावापुढच्या ठशावर,
गोल, ठसठशीत, एकही रेघ न फाटलेला.

कोपऱ्यात इंदलची बायको, तिला चिकटून सातवीतली पोरगी.
पोरगी उठली, टेबलावर वाकली,
बराच वेळ वाकून राहिली.
"हा बाबाचा नोहे.
बाबा सही करते. मीच शिकवली, दिवाळीत.
'ल' उलटा काढते, पण सही करते."

करते, म्हणाली.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता खडखडत होता.
साहेब म्हणाले, "लहान आहे. धक्का बसलाय."
अधिकाऱ्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.
"रजिस्टर कोण लिहितं?"

दहा मिनिटं लागली असती, सोमवारची.
साहेबांनी यायचं, एक पिशवी फाडायची,
स्वतःच्या कमरेला पट्टा बांधून दाखवायचा,
हूक ओढून बघायला लावायचा प्रत्येकाला,
आणि सांगायचं, याच्याशिवाय जो वर जाईल
त्याला मी स्वतः खाली उतरवीन, रोजी न कापता.
ज्याचं नाव रस्त्यावरच्या पाटीवर, त्याचं हे काम.
माझ्या गळक्या पेनाचं नव्हे. कळतं मला.
आणि चावी माझ्या पर्सला होती, तेही कळतं.
अजून आहे. कपाट कोणी उघडायलाच आलं नाही.

शाईचं पॅड टेबलावरच होतं.
झाकण काढलं.
सोमवारी डावा लावला होता की उजवा, आठवेना.
दोन्ही बुडवले.