विरजण

कुताइसीत, नदीच्या उतारावर
नोदारचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे.
दर गुरुवारी तो शटर अर्धं पाडतो
आणि आम्ही सहा जण वाकून मागच्या खोलीत शिरतो.
भिंतभर किल्ल्या, कुलूप एकही नाही.
आपल्या गोष्टींचं असंच असतं, लाली म्हणते.
दर वेळी म्हणते, आणि हसते एकटीच.

नियम एकच : टेबलावर ठेवलं ते सगळ्यांचं.

पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली.
माझी धरणात बुडालेली शाळा, तिची घंटा,
बेसोनं उचलली, लिहिली, छापून आणली,
मानधनातून नवे बूटही घेतले.
आयत्या बिळावर नागोबा! मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.
त्याच्या बुटांकडे तेवढी बघायचे.
मग एका रविवारी म्झेविनारनं मला घरी नेलं,
दह्याचं मातीचं भांडं पुढ्यात ठेवलं.
हे विरजण तिच्या सासूनं कुणा शेजारणीकडून आणलेलं,
आता अख्ख्या इमारतीत हेच लागतं.
"सांग बरं," म्हणाली, "माझं किती कमी झालं?"
मी काही बोलले नाही.
वाटीभर खाल्लं, अक्रोड घालून,
आणि घरी आले.

तर या गुरुवारी म्झेविनारचीच पाळी.
"माझ्याकडे फार काही नाही," ती म्हणाली.
"नऊ मजली जुनी इमारत. नाणं टाकल्याशिवाय
लिफ्ट हलत नाही, आपल्याकडे असते तशी.
आणि एक म्हातारी, मुठीत नाणं घेऊन उभी.
बस. पुढचं मला दिसत नाही."

मग काय, तुटून पडलो सगळे.
नोदारला चौथ्या मजल्यावर प्रेत हवं होतं.
(नोदारला कुठंही प्रेतच हवं असतं.)
लाली म्हणाली, लिफ्ट मधेच अडकव,
आत दोन सख्खे भाऊ, वीस वर्षांचा अबोला.
बेसो म्हणाला, नाणंच खोटं.
मी म्हणाले, नाणं जुनं, मोडलेल्या देशाचं,
आणि स्वतःवरच खूश होऊन
चीजची पोळी जरा जास्तच तोडून घेतली.
म्झेविनार सगळ्यांचं ऐकत होती,
बाजारात भाव ऐकून घ्यावेत तशी.

ओतिया कोपऱ्यात होता. सहा वर्षं झाली,
त्यानं एक ओळ लिहिलेली नाही.
येतो, हीटर आपल्याकडे वळवून घेतो,
सगळ्यांच्या गोष्टी ऐकून, ग्लास विसळून जातो.
त्यानं विचारलं,
"म्हातारी राहते कितव्या मजल्यावर?"

म्झेविनारनं तोंड उघडलं, मिटलं.
"तळमजल्यावर," ती म्हणाली,
आणि स्वतःच दचकली.

कुणी काही बोललं नाही.
बाहेर कुत्रं भुंकून थांबलं.
नोदारनं उगाच एक किल्ली काढून
पुन्हा त्याच खिळ्याला लावली.
तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला
लिफ्टचं नाणं कशाला?

त्या रात्री आम्ही घाईनंच उठलो,
दूध उतू जात असल्यासारखे.

पुढच्या गुरुवारी पाच जणांनी वाचलं.
नोदारच्या म्हातारीनं प्रेत पाहिलं होतं.
लालीचे भाऊ तिचेच मुलगे निघाले.
बेसोची बाई रोज एकदा, नुसतीच, वर जाऊन शहर बघून यायची,
आणि मला त्याचा पुन्हा राग आला,
कारण ते माझ्याहून चांगलं होतं.
म्झेविनारचं अजून लागलं नव्हतं.
"थंडी आहे," ती म्हणाली, "वेळ घेईल."

शेवटी ओतियानं खिशातून
घडी पडलेला एकच कागद काढला.
हात कापत होता, हीटरजवळ असूनही.
त्यात एक माणूस बायकोचा कोट हातावर टाकून
नवव्या मजल्यावरून खाली येतो,
प्रत्येक दाराशी थोडा थांबतो.
म्हातारी नव्हती. नाणं नव्हतं.

"लिफ्ट कुठं गेली रे?" बेसोनं विचारलं.

"ठाऊक नाही," ओतिया म्हणाला.
"मी जिन्यानं आलो."

आणि ग्लास विसळायला उठला.
लालीनं त्याच्या हातातून तो काढून घेतला,
म्हणाली, बस. परत वाच.