अकरावा पट, ब्रिडलिंग्टन

फेब्रुवारीत इथे समुद्रालाही गिऱ्हाईक नसतं.
हॉटेलच्या नाचघरात छत्तीस पट मांडलेत,
अकराव्यावर मी. चिठ्ठीवर हर्डीकरचं
'हार्डी कार' झालंय. असू दे.
समोर मिस्टर एलर्बी, थर्मास, दोन पेन्सिली.
जन्मभर फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली म्हणे.

पांढरी माझी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं.
मला अजून ही उधळपट्टी वाटते.
मिरजेला शेडबाळे कंपाउंडर पुड्या बांधता बांधता
देशी डाव शिकवायचे, प्यादं एकेक घरच जायचं.
"घाई काय, पट कुठे पळून जातोय?"
इथे पळतो. शेजारी घड्याळ असतं.

हे लोक याला राणीचं प्यादं म्हणतात.
मी मनात वजीरच म्हणते,
म्हणजे पडला तरी दुःख जरा कमी होतं.

बाराव्या चालीला मधला भाग असा गच्च झाला
की उंटाला कूस बदलायला जागा नाही.
सीगल खिडकीवर चोच आपटतो,
पंच उठून त्याला 'शूऽ' करतात.

एकतिसाव्या चालीला एलर्बींनी हत्ती सरकवला,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून चाल लिहिली,
हात मांडीवर ठेवले
आणि घड्याळ दाबायला विसरले.

चाल माझी, वेळ त्यांचा.
नऊ मिनिटं. आठ.
सांगायलाच हवं असा काही नियम नाही.
मी विचारात असल्याचं सोंग आणलं,
कपाळाला हातबित लावून.
सात. सहा.
त्यांच्या बाहीचं एक बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं,
बाकीची काळ्या. टाका इतका वाकडा
की स्वतःच घातला असणार.
पाच.

बोलले नाहीच मी.
नुसतं घड्याळाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.
टक्.
"थँक्यू, लव्ह," ते पुटपुटले,
आणि त्या पाच मिनिटांवर,
चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांच्या चिल्लरीवर
कडेचं एक प्यादं पार पलीकडे नेलं.
एकेक घर, बरं का.
मी राजा आडवा केला.

हलला गाडी बदलली. डबा रिकामा,
काचेत माझंच तोंड आणि त्यावर चौसष्ट घरं.
पुन्हा पुन्हा तीच चाल आठवते.
घड्याळाची नव्हे हो,
तेविसावी. उंट मारायला नको होता तिथे,
घोडा मागे घ्यायचा.
सेल्बी गेलं तरी
घोडा मागेच घेतेय मी.