बारा रुपये

रिसालदार गल्लीत, कचेरीसमोर माझं टेबल.
वर पत्रा, बाजूला झेरॉक्स मशीन,
पाटीवर कानडी ठळक, मराठी बारीक:
शट्टुप्पा कणबरकर, दस्तलेखक.
छत्तीस वर्षं खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड.
मुद्दल कुठं दडून बसतं, व्याज कुठं दात काढतं,
कागद हातात धरला की वासानं कळतं.

दुपारी चंदा आला.
पोरगा आहे. त्यांच्यात मुलग्याचंही नाव असतं ते.
चार वर्षं झाली उद्यमबागेकडच्या कॉलेजात,
"मामा, दोन प्रती पायजेत की वो" म्हणतो,
आणि तो 'वो' आमच्याहून लांब ओढतो.

एकशे सहा पानं.
त्याच्या गावच्या लुवेझी नदीवर धरण होतंय,
पैसा चीनच्या सरकारी बँकेचा,
आणि हा त्याचा करारनामा, कुठूनतरी फुटलेला.
मशीन पान गिळतं, पान ओकतं.
मी उभ्या उभ्या वाचतो, इंग्रजी माझं कचेरीपुरतं,
पण गहाणखत कुठल्याही भाषेत गहाणखतच.

कलम बारा: सदर करार कोणासही दाखवू नये.
(इथं मी थांबलो. मशीन थांबलं नाही.)
कलम सतरा: तांबं विकून येईल तो पैसा
आधी अमक्या खात्यात, हप्ता फिटेस्तोवर हलवायचा नाही.
कलम एकवीस: वाद निघाल्यास निवाडा बीजिंगला.
आणि सगळ्यात तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात:
दोन्ही मसुद्यांत फरक पडल्यास चिनी मजकूर खरा.

"हे आम्हाला नवीन नाही रे," मी म्हटलं,
"हिडकलच्या वेळेला आत्याला नोटीस आली ती कानडीत.
शेजारच्या मल्लव्वानं वाचून दाखवली.
वाचता वाचता तीच रडायला लागली.
तिच्या घराचा नंबर आत्याच्या वर होता."

एक्याण्णवाव्या पानाला करंट गेला.
कागद अर्धा आत, अर्धा बाहेर,
बाहेरच्या अर्ध्यावर 'सवलतीचा काळ' एवढंच.
दोन चहा सांगितले.
चंदा घाम पुसत हसला:
"आमच्याकडे असा जात नाही.
जायला आधी यावा लागतो.
आई दीड कोस चालते फोन चार्ज करायला.
बहीण चिनी कॅम्पात भात शिजवते,
शंभरपर्यंत आकडे त्यांच्या भाषेत म्हणते, भराभर.
धरण नको असं कोण म्हणतंय, मामा?
सही माझ्या नावानं झाली,
ती वाचावी म्हटलं एकदा."

मी काय बोलणार.
आमच्या धरणाला कर्ज कुणाचं होतं
ते माझ्या टेबलावर कुणी कधी विचारलं नाही.
मी फक्त बुडालेल्यांच्या अर्जांना तिकीटं चिकटवली, थुंकी लावून.
एप्रिल-मेत पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं,
लोक गाड्या करून बघायला जातात, भेळ खातात.
आत्या एकदाच गेली. देऊळ नाही बघितलं तिनं,
पायानं चिखल उकरत
चुलीची जागा शोधत होती.

करंट आला. पान सुटलं, जरा करपलेलं.
एकशे सहाच्या दोन प्रती, दोनशे बारा रुपये.
चंदाच्या खिशात दोनशे.
"राहू दे," म्हटलं.
"नको, मांडून ठेवा."

मी उधारीची वही काढली, लिहिलं,
सहीसाठी त्याच्यापुढं सरकवली.
पेन हातात घेऊन तो बसून राहिला.
"आधी वाचून दाखवा की वो."

वाचलं:
चंदा, कॉलेजचा. येणे रुपये बारा फक्त.
व्याज नाही. तारण नाही.
कज्जा झालाच तर ह्याच टेबलावर, चहासकट.

ऐकलं त्यानं, मान हलवली, टोपण काढलं,
परत बसवलं.
"आणि मुदत?"

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
मुदत घालायची राहिली होती माझी.