दोन रिंगा

आम्ही सात जण.
रोज संध्याकाळी मेडिकलच्या आवारात, निंबाखाली,
चाळीस माणसांचं जेवण नेतो.
पेशंटचं नाही, पेशंटसंगं आलेल्यांचं.
गडचिरोलीहून, बालाघाटहून येतात
अन् जिन्याखाली सतरंजी टाकून आठ-आठ दिवस राहतात.

काम सोपं. पोळ्या, वरण, भात, एक भाजी.
कठीण एवढंच की कोण काय आणून राहिलं
हे उरलेल्या सहांना कळलं पाहिजे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी
तीन घरून वरण आलं.
पोळी एकाही घरून नाही.
चाळीस माणसं वरण पिऊन झोपली
अन् कुणी काही बोललं नाही.
तेच लागलं.

मग तुळसाबाईच्या गिरणीवर बैठक बसली,
पट्टा थांबवून, पिठाच्या धुरळ्यात.
प्रज्वल म्हणे, ॲप घेऊ.
प्रत्येकाला वेगळा रंग,
काम झालं की हिरवी खूण.
शेषराव म्हणाले, बावा, माझ्या फोनात फक्त साप खेळता येते.
मी वहीचं नाव घेतलं.
तीस वर्षं टपाल छाटलं मी, वहीत माझा जीव.
पण वही एका घरी असते अन् माणसं सात घरी.
हे माझं मलाच सुचलं, म्हणून मीच मागं घेतलं.

व्हॉट्सॲप तर होतंच.
त्यात सकाळी पाच सूर्य उगवायचे,
कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस असायचा,
अन् गुलाबांच्या ढिगाखाली कुठंतरी
रेहानाचा निरोप:
आज होणार नाही, अम्मीला ताप आहे.

तुळसाबाईला वाचता येत नाही, ती बोलून पाठवते.
यादवरावांना ऐकू येत नाही, त्यांना लिहून पाहिजे.
मे महिन्यात कूलर सुरू झाला
की कुणालाच काही ऐकू येत नाही.
सातही जणांना बसेल असा सदरा
कोण्या शिंप्यानं शिवावा?

शेवटी असं ठरलं.
गिरणीच्या दाराला पाटी. तुळसाबाई खडूनं काढते:
गोल म्हणजे पोळ्या, वाटी म्हणजे वरण,
बाजूला ज्याच्या त्याच्या घराची खूण.
रेहानाची शिलाई मशीन, शेषरावांची सायकल,
माझं पत्रपेटीचं तोंड.
चार वाजता प्रज्वल पाटीचा फोटो ग्रुपवर टाकतो.
ग्रुपवर गुलाब बंद.
(बारापात्रे रागावून बाहेर पडले,
आठवड्यानं परत आले. कुणी काही विचारलं नाही.)
अडचण आदल्या रात्री नऊच्या आत सांगायची.
नऊनंतर मिस्ड कॉल, माझ्या फोनवर:
एक रिंग, उद्या येत नाही.
दोन रिंगा, जेवण वाटून घरी पोहोचलो.
पैसे वहीत, वही माझ्याकडे.
एवढ्या एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकलं नाही.

चुका होतातच.
एकदा बकरीनं पाटीवरचं वरण चाटून टाकलं.
चारच्या फोटोत वाटीच्या जागी ओला डाग,
अन् सहाही जण डाळ शिजवत बसले.

परवा रात्री शेषरावांच्या दोन रिंगा आल्या,
रेहानाच्या आल्या, प्रज्वलच्या आल्या.
त्या दिवशी तिघंच गेले होते.
मी दिवा मालवला.
साडेअकराला फोन वाजला. एकदा. दोनदा. बंद.
नंबर अनोळखी.
मी उलट फोन केला.
बाई म्हणाली, कोरचीवरून बोलून राहिली,
नवऱ्याला सुट्टी झाली, आत्ताच घरी आलो.
तुमचा सायकलवाला म्हातारा म्हणे,
पोहोचल्यावर दोन रिंगा द्यायच्या असतात.

उचलायचा नसते ना जी तो, असं म्हणून
तिनं ठेवूनही दिला.

मी वही काढली.
जमा, खर्च, शिल्लक.
यातल्या कोणत्याच खान्यात ते बसत नव्हतं.
तरी तारीख टाकली.