दोनशे चौदा लाल ओळी

पडद्यावर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं.
लाल ओळी दोनशे चौदा, हिरव्या एकतीस.
लाल त्या माझ्या.

सुपर कॉरिडॉरची ही काचेची इमारत नव्हती तेव्हाच्या.
पलासियाला एका दवाखान्याच्या वर तीन टेबलं,
जिन्यातून स्पिरिटचा वास,
आणि मी एकटीने चार रात्रींत
परताव्याचा हिशेब लिहून काढला होता:
गिऱ्हाइकाने माल परत केला
तर पैसे कोणाचे, किती, कुठल्या तारखेचे.
वर शेरा : इथे हात लावू नये. शु. मुंगी.
आठ वर्षं कोणी लावला नाही.
भीतीनेच असेल. मी आदर समजले.

आता माझ्या नावापुढे 'प्रमुख' लागतं.
म्हणजे अवघड असं मला कोणी काही विचारत नाही,
सगळे परवानगी मागतात.
साडेदहा, अकरा, सव्वाबारा,
तीनला ह्याची नाराजी, चारला तिची बदली,
मध्ये एखादा रिकामा अर्धा तास,
त्यात चार ओळी लिहायला बसावं
तर कीबोर्ड जावेच्या स्वयंपाकघरासारखा :
डबे तेच, मीठ कुठे ते सापडत नाही.
सुदामानगरहून आई फोनवर विचारते,
तू आता दिवसभर करतेस तरी काय?
मीटिंगा, मी म्हणते.
म्हणजे भिशीसारखं?

नयन चौरडिया. नागद्याचा. चोवीस वर्षांचा.
मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही,
लिहितो मात्र नेमकं :
'ह्या भागाची गरज उरलेली नाही. चाचण्या जोडल्या आहेत.
जुनी एक चूकही निघाली :
रात्री बारानंतर परत आलेला माल
आदल्या दिवशी धरला जातो.'

मला ठाऊक होती.

दर मार्चला हिशेबखात्यातून फोन यायचा,
मी एक निळी वही उघडायचे,
रात्री बसून हाताने तारखा सरकवायचे,
आणि सकाळी कोणीतरी म्हणायचं,
हे फक्त मुंगी मॅडमलाच जमतं.
त्या एका वाक्यावर माझ्या दोन बढत्या झाल्या.

आधी मी लिहिलं : ह्या नावाला काही अर्थ नाही, बदल.
मग लिहिलं : इथे एक जागा जास्त आहे.
मग लिहिलं : पुढच्या आठवड्यात बोलू.
तिन्ही पुसलं.
उठून त्याच्या टेबलापाशी गेले.
तो हेडफोन काढून उभाच राहिला,
जणू मी फळ्यावरचं काही विचारणार.
बस रे. कसं सापडलं तुला?
तो जरा अडखळला, मग म्हणाला,
मॅम, आपका ही कमेंट पढ़के.
मग माझ्यासाठी जपून जपून मराठीत :
हात लावू नये लिहिलं, म्हणजे तिथेच दुखत असेल ना.

मागे कॉफीचं मशीन घुरघुरत होतं.
रुबीना कोणाला तरी सांगत होती,
राऊच्या पुढे गाड्या अडल्यात.
मी त्याच्याच खुर्चीवर वाकून
माझ्या नावाने आत शिरले
आणि मंजूरचं बटण दाबलं.
दोनशे चौदा ओळी गेल्या.
पंखा फिरतच होता.

मग हिशेबखात्याला फोन केला.
येत्या मार्चला मला बोलावू नका.
मग कोणाला बोलवायचं? चौरडियाला?
नाही, त्यालाही नको.
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही,
एखादं देणं फिटलंय की बुडालंय
ते ठरवत असावेत.

सकाळी साडेसातला कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
ओलं ओल्यात, सुकं सुक्यात.
निळी वही मी सुक्याच्या डब्यावर धरली.
गाडीवरच्या बाईने ती हातातून घेतली,
काय लिहिलंय ते बघितलंही नाही,
स्पायरलची तार सरसर ओढून काढली
आणि म्हणाली, ताई,
धातू वेगळा टाकायचा असतो.