दुखवट्याची वही

घरात उदाजी,
गावात उदाभैया,
पोस्टरवर उदयसिंह लांभाते, हात जोडलेले,
फोटो सात वर्षं जुना.

आजोबा तुळोजीराव देपालपूर तहसिलीतून दोनदा निवडून आले.
बोलायचेच नाहीत. घोडीवरून उतरायचे,
ओट्यावर बसायचे, चिलमीचा एक झुरका, की उठले.
वडील बोलायचे. त्यांच्या भाषणात
चंबळेवर दरसाल नवा पूल बांधला जायचा.
ते गेले तेव्हा वाटणी सोपी झाली:
भावाला जीप,
मला वही.

लाल पुठ्ठ्याची, इंदूरच्या बोहरा बाजारातली.
चार रकाने: नाव, गाव, तिथी, काय न्यायचं.
कोणाचा नुक्ता कधी, पगडी कोणाच्या डोक्यावर,
कोणाची सासू, कोणाचा विहिरीत गेलेला मुलगा.
आजोबा ज्यांच्या घरी पाणी प्यायले नाहीत
त्यांची नावं वडिलांनी हिरव्या शाईत लिहिलेली,
पुढे शेरा: इथे चहा दोन कप.

पहाटे मी वाचायची,
धनखेडी, मांगीलाल पाटीदार, वडील, साफा न्यायचा;
तो आरशासमोर उभा राहून चेहरा पाडायचा.
पण दारात पोचला की तो चेहरा खरा व्हायचा,
हे मला कबूल केलं पाहिजे.
रडायचा तो. परक्याच्या उंबऱ्यावर, नाक पुसत, लहान मुलासारखा.
आमच्या आईच्या वेळी मात्र फोनवर होता.

पहिल्यांदा दोनशे अकरा मतांनी पडला.
मग जनपदचा अध्यक्ष.
डीपी जळाली, फोन. लसणाचा भाव बसला, फोन.
पटवारी मेड सरकवतो, फोन.
रात्री दीडला कोणीतरी नुसताच,
"भैया, जागे हो?"
सांत्वनाची पत्रं मी लिहायची, सही त्याची.

एकदा धापूबाईने ज्वारीच्या कोठीतून
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.
"भैया, तमारी चिट्ठी. बाँचो."
सगळ्या बाखळीसमोर त्याने वाचायला घेतली,
दुसऱ्या ओळीत अडखळला,
माझा जुन्या वळणाचा ख त्याला लागेना.
तरी शेवटपर्यंत गेला.
धापूबाईने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले.
मी जीपमध्ये होते. काच वर केली,
धूळ फार होती.

भोपाळला तिकिटासाठी अकरा दिवस धर्मशाळेत राहिला,
रोज पांढरे कपडे इस्त्री करून.
पक्षाने त्याला "पुढच्या वेळी" दिलं.
मग अपक्ष. चिन्ह कपाट.
सभेत खरं कपाट आणवून दारं उघडायचा,
बघा, आत काही नाही, लांभात्यांनी काही ठेवलं नाही!
लोक खूप हसले.
आजोबा असते तर त्यांनी कपाट बंद ठेवलं असतं.

अनामत गेली.
रात्री अंगणात भाड्याच्या चाळीस खुर्च्या,
एकीवर तो, एकीवर मी,
एकीवर कोणाचं तरी विसरलेलं उपरणं.
दाल-बाफल्यांचा डेग झाकलेला, तूप थिजलेलं.
म्हणाला, वही आण.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ती स्वतः उघडली.
पानं उलटत गेला, मागून पुढे,
मग पुढून मागे, बोट ठेवून,
आणि विचारलं,
"यात जिवंत माणसं कुठे लिहितेस?"

जिवंत तुझ्याकडे होती, असं तोंडावर आलेलं.
मी पाणी आणायला आत गेले.

सकाळी अकील मंडपवाला खुर्च्या न्यायला आला.
मोजल्या. एक कमी भरली, काही बोलला नाही.
पैशांचंही नाही. टेंपो सुरू करता करता
फक्त म्हणाला, भैया, अब्बांची बरसी गुरुवारी आहे,
जमलं तर.

दुपारी मी वही उघडली.
शेवटच्या पानावर, रकाने ओलांडून,
पोस्टरवरच्या सहीसारख्याच मोठ्या अक्षरात:
अकील. साठ हजार चारशे. खुर्ची एक.
आणि खाली, बारीक,
गुरुवार.