पासिंग

चावी अर्धी फिरवली की
दिवे लागतात सगळे:
तेलाची किटली, लाल बॅटरी,
हँडब्रेकचं उद्गारचिन्ह,
आणि कडेला काळी चिकटपट्टी.
तिच्याखाली इंजिनाचा पिवळा दिवा.

पट्टी मीच लावली, दोन वर्षांपूर्वी,
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, पहाटे साडेचारला,
मागे हौद्यात पस्तीस लाद्या बर्फ वितळत असताना.
चालतेय ना गाडी, म्हटलं.
चालत्याला काय विचारायचं.

उद्या कुवारबावला पासिंग.
रिफ्लेक्टर नवे, पुढे पांढरे, मागे लाल.
नंबर रंगवून घेतला.
वायपरचं एक पातं सुर्व्यांच्या जीपचं, उसनं.
हौदा तीनदा धुतला
तरी बांगडा जात नाही.
फॉर्मवर वासाला रकाना नाही, तेवढं बरं.

रज्जाक वस्ता गाडीखालून सरपटत बाहेर आला.
"बल्बच काढून टाकू काय, ताई?
पेटलाच नाय तर दिसणार काय?"
मग स्वतःच थांबला,
फडक्याला हात पुसत राहिला.
"पण तो घोळवे साहेब आलाय, घाटावरचा.
पेटलेल्याकडे बघत नाय तो.
चावी फिरवतो नि
न पेटणारा शोधतो."

न पेटणारा.
रात्री कूस बदलली तरी तो शब्द याच कुशीला.
बहारीनहून दर शुक्रवारी फोन येतो.
कसा आहेस? मजेत.
तीन वर्षं, मजेत.
आवाजात एक दिवा लागत नाही.

सकाळी नखाने पट्टी सोलली.
गोंद राहिला, त्याला खोबरेल लावलं.
रज्जाकने वायरचा सॉकेट उघडून दाखवला:
आत हिरवी पूड.
"मीठ," म्हणाला. "हवा खाते हितली.
तो दिवा बिचारा ओरडत होता एवढ्यासाठीच."
अठराशे रुपये, वर चहा.

"गाडी कुणाच्या नावावर?"
"माझ्याच. मोहिनी पिलणकर."
साहेबाने एकदा माझ्याकडे, एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं,
खिडकीतून हात घालून चावी अर्धी फिरवली.
बोटाने दिवे मोजले, शाळेत पोरं मोजतात तसे.
पिवळाही हजर.
मग सेल मारला.
सगळे विझले.
पिवळा जरा रेंगाळला,
माझा श्वास त्याच्याबरोबर,
आणि गेला.

वायपरमध्ये नापास.
सुर्व्यांचं पातं दोन बोटं लांब,
काचेबाहेर जाऊन पत्र्यावर आपटत होतं, टक, टक.
"आपल्या मापाचं बसवा. सात दिवसांनी या."

शुक्रवारी फोन.
मजेत, तो म्हणाला.
मी पुढचं काही विचारलं नाही, ठेवलाही नाही.
पलीकडे एसीची घरघर,
कुणाचं तरी ताट पडलं,
कुणी मल्याळीत हसलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"पाठ दुखते गं. पावसाळ्यापासून."